पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा

अक्का गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्याच नंबरवरून मला ती गेल्याचा निरोप आला. निरोप म्हणजे एक बॅनर होता. वर नेत्यांचे चेहरे एका ओळीत चिकटून बसवलेले, मध्ये अक्का, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि तळाशी 'शोकाकुल' या शब्दाशेजारी माझ्या दाजींचा हात जोडलेला, हसरा फोटो. अक्काचा फोटो मी ओळखला. आम्ही दोघं कपिलधारला गेलो होतो, तेव्हाचा तो होता. धबधबा खोडून तिच्यामागे निळं आभाळ आणि पांढरी कबुतरं बसवली होती. मला कापून काढलं होतं, पण नीट नाही. तिच्या खांद्याशी माझ्या शर्टाची बाही तेवढी उरली होती.

आदल्या दिवशी मी तिला खांदा देऊन आलो होतो. बॅनर बघून मला रडू आलं नाही, किळस आली.

तिच्या नंबरवरून दुसरं कोणी बोलतं ही गोष्ट मात्र मला नवी नव्हती. अक्का माझी थोरली बहीण, परळीकडच्या एका गावात दिलेली. गावचं सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं तेव्हा दाजींनी तिला उभी केली. अक्का निवडून आली आणि दाजी सरपंच झाले. आमच्याकडे असंच म्हणतात आणि म्हणताना कोणी हसत नाही. सरपंचाचा म्हणून नवा फोन आला, नवा नंबर आला. रोज सकाळी तो फोन दाजींच्या हातात असे. त्यावरून सगळ्या पंचक्रोशीला 'शुभ सकाळ' जाई. कधी गुलाब, कधी उगवता सूर्य, खाली कुठलं तरी सुवचन आणि त्याखाली 'आपली सरपंच' असं लिहून अक्काचं नाव. त्या नंबरवरून मला पहिला फोन दाजींनीच केला होता, म्हणून मी तो 'दाजी सरपंच' या नावाने ठेवला. पुढे बदलायचं राहून गेलं.

दुपारी दाजी वीजकेंद्राची राख वाहणाऱ्या टिपरांमागे जात, नाहीतर तालुक्याला. हा फोन घरी राही. तेव्हा अक्का मला बोलून पाठवी. अशी एकाच चॅटमध्ये दोन माणसं राहत होती. सकाळी ते, दुपारी ती.

मी बीडला एका शाळेत मराठी शिकवतो. गावी गेलो की अक्कासाठी पुस्तकं नेत असे. ती सातवीपर्यंतच शिकली होती, पण वाचायची सावकाश आणि पक्कं, आणि वाचून झालं की माझ्याशी बोलायची. "आइकलं का," अशी तिची सुरुवात असे, मी समोर बसल्यासारखी. मागे कोंबड्या असत, मिक्सर असे, धाकट्या जावेचं खोकणं असे. एकदा एका कादंबरीबद्दल म्हणाली, "ह्या बाईला त्यानं उगं मारलं. मराया काय झालतं तिला? लिवणाराला पुढं काय करावं ते सुचंना, म्हून मारली." एकदा म्हणाली, "पापड घालायची सोय न्हाई ऱ्हायली. वाळस्तवर राखंचा थर बसतो. मंग मी पापड घालायचे सोडले आन पुस्तक घेऊन बसले. तेवढं बरं झालं."

मी उत्तर पाठवत नसे. तिनंच सांगितलं होतं, "तू काही टाकत जाऊ नको. मी बोलते, तू आइक." मला तो तिचा थोरलेपणा वाटायचा. शाळेच्या मधल्या सुट्टीत, प्रयोगशाळेच्या मागच्या पायरीवर बसून मी ऐकत असे.

तिचा आवाज दुसरीकडे कुठेही नव्हता, हे मला ती गेल्यावर कळलं. सरपंच म्हणून तिचे व्हिडिओ पुष्कळ आहेत. रस्त्याचं भूमिपूजन, शाळेला दिलेली भिंत, झेंडावंदन. प्रत्येकात ती डोक्यावरून पदर घेऊन, गळ्यात हार घालून उभी आहे आणि शेजारी दाजी बोलत आहेत. मी ते सगळे शोधून पाहिले. एकातही ती बोलत नाही. एकात तिचे ओठ हलतात, पण तेवढ्यात फटाके लागतात.

तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

बॅनरबद्दल लिहितो. दाजींनी तो अक्काच्या नंबरच्या डीपीला लावला. मग भावकीने लावला, गावातल्या कार्यकर्त्यांनी लावला, ज्यांना अक्का दिसायला कशी होती हे सांगता आलं नसतं अशा लांबच्या पाहुण्यांनी लावला. चॅटची यादी उघडली की वरपासून खालपर्यंत त्याच गोल चकत्या. चकतीत अक्काचं तोंड मुगाएवढं दिसे, कबुतरं मात्र स्पष्ट दिसत. शिवाय प्रत्येक जण तो मला पाठवत होता. ज्याच्या घरात माणूस गेलं त्यालाच ते गेल्याचं पोस्टर सगळीकडून येत होतं. कोणी त्यात आपला फोटो वाढवून पाठवी. एका ग्रुपवर बॅनरच्या खाली जोडलेले हात, त्याखाली आणखी जोडलेले हात, त्याखाली सोयाबीनच्या बियाण्याची जाहिरात आणि पुन्हा जोडलेले हात. आमच्या शाळेच्या ग्रुपवर एका सहकाऱ्याने 'श्रद्धांजली सर' लिहिलं आणि लगेच खाली विचारलं की उद्याचा माझा तास कोण घेणार आहे. मी फोन पालथा ठेवायला लागलो. पालथा ठेवला तरी तो टेबलावर गुरगुरत राही.

तेरावं करून बीडला परतलो त्या सकाळी फोनने कळवलं की जागा संपली आहे, नको ते काढून टाका. इतका रास्त सल्ला त्या दिवसांत मला दुसऱ्या कोणी दिला नव्हता. मी पलंगाच्या कडेला बसलो आणि चकत्या निवडत गेलो. नावं वाचली नाहीत. जिथे कबुतर दिसेल तिथे बोट. उकिरडा उपसताना माणूस कागदांवरचं वाचत बसत नाही. फोनने विचारलं, यातले फोटो आणि ऑडिओही काढायचे का. मी हो म्हटलं, तेच तर काढायचं होतं. यादी एकदम आखूड झाली. मी आंघोळ केली, शाळेत गेलो, आणि कित्येक दिवसांनी डोकं थोडं स्वच्छ वाटलं.

मधल्या सुट्टीत पायरीवर बसलो आणि अक्काचं बोलणं ऐकायला चॅट उघडायला गेलो. 'दाजी सरपंच' कुठेच नव्हतं. तिच्या चकतीतही कबुतरं होती.

उरलेले तास मी कसे घेतले ते आठवत नाही. शाळा सुटल्यावर बसस्टँडजवळच्या एका मोबाईलच्या दुकानात गेलो. काउंटरच्या काचेखाली फुटलेले स्क्रीन मांडून ठेवले होते. काचेवर चहाच्या कपांची वर्तुळं होती आणि त्यांवर माश्या. दुकानदाराच्या तोंडात तोबरा होता. तो हनुवटी वर करून बोलत होता.

"काय गेलं, सर?"

"एक चॅट. चुकून."

"कुणाचं? घरच्या म्याडमचं का भायेरच्या?"

स्टुलावर बसलेलं गिऱ्हाईक हसलं.

"बहिणीचं."

"मंग कशाला घाबरता. बहिणीच्या चॅटपायी कुणी घटस्फोट देत न्हाई."

तो माझ्या फोनवर बोट चालवत होता. नुकताच त्याने वडापाव खाल्ला असावा, काचेवर तेलाचा पट्टा उमटत होता. मी विचारलं, "परत येईल का?"

"येईल की. रात्री हे आपोआप एक कॉपी काढून ठिवतं. ॲप काढायचं, पुन्हा टाकायचं, ती कॉपी उचलायची. आजच आलात ते बरं केलं. चार-आठ दिसांनी आला असता तर म्या काय केलं असतं? हार घातला असता."

त्याने ॲप काढलं, पुन्हा घातलं. स्क्रीनवर एक हिरवी रेघ हळूहळू पुढे सरकली. मी काउंटरची कड धरून उभा होतो. मग यादी आली. सकाळी उपसलेला सगळा उकिरडा परत आला, आधीच्या क्रमाने, एकेक चकती आपल्या जागेवर. फक्त आतले फोटो आता धुरकट झाले होते. कबुतरांच्या जागी पांढरे डाग, नेत्यांच्या जागी तांबडे.

"ह्यातलं कंचं?"

मी 'दाजी सरपंच' वर बोट ठेवलं. चॅट उघडलं. अक्काचं सगळं तिथे होतं. धुरकट गुलाब, आणि त्याखाली माईकची खूण असलेली तिची पट्टी. पुन्हा गुलाब, पुन्हा पट्टी. कुठल्या दिवशी किती वेळ बोलली तेही होतं. सरकवत वर गेलो तरी संपेना. मी एक पट्टी दाबली.

आवाज आला नाही. एक पाटी आली. ही फाइल फोनमध्ये नाही, पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा, अशा अर्थाचं काहीतरी त्यात लिहिलं होतं. मी दुसरी दाबली. तीच पाटी. तिसरी दाबली.

"कॉपी निस्त्या लिवलेल्याची असती," दुकानदार म्हणाला. "आवाज, फोटो हे येगळं ऱ्हातं. ते तुमी ठरवून उडवलंय, टिक करून. पन बगा ना, त्यानंच रस्ता सांगितलाय. बहिणीला फोन लावा, म्हणावं पुन्हा टाक."

"ती वारली."

त्याचं चघळणं थांबलं. स्टुलावरच्या गिऱ्हाईकाने रस्त्याकडे तोंड फिरवलं. दुकानदार बाहेर जाऊन थुंकून आला, तोंड पुसलं आणि जरा हळू म्हणाला, "फोन तर वारला न्हाई ना?"

मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही, कारण तो बरोबर बोलत होता. तिने पाठवलेलं तिच्या फोनमध्ये असणारच. माझ्याकडून गेलं होतं, तिच्याकडून नाही. आणि तिचा फोन दाजींकडे होता.

रविवारी सकाळच्या एसटीने निघालो. गाडी बीडबाहेर पडली आणि खिशात फोन थरथरला. 'दाजी सरपंच.' दवाचे थेंब चिकटवलेला गुलाब, शुभ सकाळ, आणि खाली अजून 'आपली सरपंच' म्हणून अक्काचं नाव. तेराव्यापर्यंत दाजींनी दम धरला होता. मी खिडकी उघडली. मागच्या माणसाने धूळ येते म्हणून ती बंद करायला लावली.

गावाच्या अलीकडेच झाडांचा रंग बदलतो. लिंबाची पानं वरून राखी असतात, खालून हिरवी. अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्यांवर माणसं बसली होती. अक्काच्या तुळशीच्या कुंडीत गुटख्याच्या पुड्या खोचलेल्या होत्या. तुळस वाळलेली नव्हती, कोणी तरी पाणी घालत होतं.

"या सर, या," दाजी म्हणाले. "ऊठ बे, सरांला खुर्ची दे. चहा टाका गं."

बॅनरची गोष्ट त्यांनीच काढली. "परळीहून करून घेतला. कसा वाटला? लई लोकांनी ठिवला डीपीला. साहेबांच्या पीएनं बी ठिवला."

"बघितला," मी म्हणालो.

"कबुतरं माझी आयडिया," एका खुर्चीतून आवाज आला.

मी म्हणालो, "दाजी, अक्काचा फोन जरा बघायचा होता."

"कावून?"

"ती मला बोलून पाठवायची. माझ्याकडचं पुसलं गेलंय चुकून. तिच्या फोनमधून परत घेतो."

दाजींचा चेहरा बदलला. रागावले नाहीत, पण सावध झाले. "काय बोलायची?"

"जमिनीबिमिनीचं न्हाई ना काही, सर?" कबुतरांवाला म्हणाला आणि दोघं-तिघं हसले.

"पुस्तकांचं बोलायची. वाचलेल्या."

"पुस्तकांचं," दाजी म्हणाले. त्यांनी फाटकाबाहेर उभ्या टिपराकडे बघितलं. "आमाला तर मीठ बराबर हाय का, तेवढंच इचारायची." मग खिशातून तिचा फोन काढला. त्याच्या मागच्या बाजूला अक्काने लावलेलं मोराचं स्टिकर अजून होतं, कडेने काळं पडलेलं. "नंबर काही बंद करत न्हाई हां आमी. लोकांची माया हाय त्याच्यावर. आता पोटनिवडणूक लागंल. भावाच्या बायकोला, धाकटीला उभी करतो. फोटो बदलला की झालं."

त्यांनी माझं चॅट उघडून फोन हातात दिला. फोन कोमट होता.

सगळ्यात खाली आजचा गुलाब, त्यावर बॅनर. बॅनरच्या वर सूर्य, गुलाब, गुलाब, दिवाळीचा दिवा, गुलाब. मी सरकवत गेलो. एकाही ठिकाणी माईकची खूण नव्हती. तारखा ओळखीच्या होत्या, सकाळ होती, दुपार नव्हती. जणू तिने मला कधी काही म्हटलंच नव्हतं.

दाजी माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. त्यांच्या तोंडाला सुपारीचा वास होता. "कुठंय? हितं तर काहीच न्हाई. सर, तुमचा काही घोळ झाला आसंल. दुसऱ्या कुणाचं आसंल."

मी फोन परत दिला. तेवढ्यात त्यांना साहेबांकडचा फोन आला आणि ते बोलत बोलत फाटकाबाहेर गेले. मागोमाग बाकीचेही उठले.

धाकटी जाऊ चहा घेऊन आली. आजवर तिच्याशी माझं कधी बोलणं नव्हतं. तिचं खोकणं मला माहीत होतं. कप ठेवायला वाकली आणि वाकूनच, पदराआडून म्हणाली, "भाऊ, त्यात घावायचं न्हाई. अक्का रोज पुसायच्या."

"पुसायच्या?"

"सांजच्याला टिपराचा आवाज आला की. आदी पुसायच्या, मंग दिवा लावायच्या. फोन त्यांच्या हातात जातो न्हवं." तिने फाटकाकडे पाहिलं. "मला बी शिकवलंय. दाबून धरायचं, मंग वर डबा येतो. डब्यात टाकायचं."

तिने कप माझ्याकडे सरकवला.

"इचारलतं म्या एकदा. म्हटलं, एवढं बोलता आन पुसून टाकता. तर म्हणल्या, हितलं गेलं तर जाऊ दे, भावाकडं ऱ्हातंय सगळं."

ती आत गेली. चहावर साय धरली होती आणि सायीवर राखेचा एक कण. मी बोटाने साय बाजूला केली आणि चहा प्यायलो. तू काही टाकत जाऊ नको, मी बोलते, तू आइक. ते थोरलेपण नव्हतं. माझं एखादं उत्तर तिथे उरलं असतं, तर ते कशाचं उत्तर आहे हे तिला सांगावं लागलं असतं.

निघताना दाजी फाटकाशी भेटले. "तिची पुस्तकं हाईत पेटीत. नेता का? का घालू रद्दीत?"

दाराच्या आत धाकटी उभी होती. मी म्हणालो, "राहू द्या. पुढच्या खेपेला बघू."

परत येताना सगळ्याचा उबग आला होता. दाजींचा तर होताच, पण एकट्या दाजींचा म्हणून भागत नव्हतं. त्या अंगणात कोणी वाईट वागलं नव्हतं. खुर्ची दिली, चहा दिला, फोन मागितला तर फोन हातात दिला. ज्या घरात बाई रोज संध्याकाळी आपलं बोलणं पुसून मगच दिवा लावते, त्या घरात सगळं इतकं व्यवस्थित चालू असतं, याचीच शिसारी येत होती. आणि तिने जे एकमेव ठिकाण खात्रीचं मानलं होतं, तिथे मी उकिरडा समजून हात घातला होता.

मी ते चॅट काढलं नाही. पट्ट्या तशाच ठेवल्या. मधल्या सुट्टीत पायरीवर बसून त्यांच्याकडे बघायची सवय लागली. कोणती लांब, कोणती आखूड. एका अगदी आखूड पट्टीत ती नुसती हसली होती, हे मला आठवतं. कशाला हसली ते आठवत नाही.

पोटनिवडणुकीची चर्चा सुरू झाली होती तेव्हाची गोष्ट. मी पायरीवर होतो. फोन थरथरला. 'दाजी सरपंच.' त्या सगळ्या मुक्या पट्ट्यांच्या खाली एक नवी पट्टी आली होती, माईकची खूण असलेली. मला काय वाटलं ते लिहीत नाही. दाबली.

आधी खोकणं आलं.

"भाऊ, मी हाय, धाकटी. पेटीतलं येक पुस्तक काढलंय. अक्कानी मधीच पान दुमडून ठिवलंय. त्यांचं ऱ्हायलेलं दिसतंय. तितून वाचू, का पैल्यापासनं वाचू? तुमी सांगू नका हां, ह्यात टाकू नका काही. मीच वाचते पैल्यापासनं. मंग सांगते." मध्ये कोंबड्या ओरडल्या. "हितलं पुसते मी. तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या."

घंटा झाली तरी मी बसून होतो. मग ती पट्टी शाळेच्या कॉम्प्युटरवर घेतली, घरी गेल्यावर आणखी एका ठिकाणी घेतली, आणि दोन्हीकडे ऐकून पाहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या आवाजाच्या बरोबर खाली गुलाब आला. डीपी बदलला होता. अक्का गेली होती, आता तिथे धाकटी होती, डोक्यावरून पदर, हात जोडलेले, मागे निळं आभाळ. कबुतरं तीच होती. गुलाबाखाली लिहिलं होतं, 'आपली भावी सरपंच'.

मी चष्मा लावला. नाव वाचलं. पुन्हा वाचलं. मग फक्त तो गुलाब निवडला, खाली-वर दुसरं काही निवडलं गेलं नाही ना ते बघितलं, आणि तेवढाच काढला. आता हे रोज सकाळी करावं लागतं.